गोव्यात नाट्य-मनोरंजनाचे मासिक चालवताना

नाटक होत नाही असे गाव गोव्यात शोधूनही सापडणे कठीण. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत कोठे ना कोठे रात्री पडदा उघडतोच. पालखी देवळात परतते आणि मग गावातलीच हौशी मंडळी रंग लावून उभी राहतात. त्यांत शिक्षक असतो, पंचायतीचा कारकून असतो, कदंब बसचा कंडक्टर असतो, आणि स्त्री-भूमिकांसाठी बहुधा बाहेरून मानधनावर नटी आणलेली असते. या साऱ्याची दखल दुसऱ्या दिवशी ‘प्रयोग रंगला’ एवढ्या दोन ओळींत घेतली जाते. त्या दोन ओळींना कंटाळूनच आम्ही तिघा मित्रांनी २०१६ साली डिचोलीत बसून स्वतंत्र मासिक काढायचे ठरवले. त्यात मराठी नाटक, दशावतार, भजन, तियात्र हे कोंकणी नाट्य आणि नोव्हेंबरात पणजीत भरणारा चित्रपट महोत्सव, असे सगळे यावे असा विचार होता.

खरे म्हणजे आमच्या कुवतीला द्वैमासिकच झेपले असते. परंतु नोंदणीकृत नियतकालिकांसाठी टपालाचा जो सवलतीचा दर होता, तो एकतीस दिवसांहून अधिक अंतराने निघणाऱ्या अंकांना मिळत नव्हता. पन्नास ग्रॅमपर्यंतचा अंक पंचवीस पैशांत जातो हे कळल्यावर द्वैमासिकाचा विषय तिथेच संपला. दर महिन्याला अंक काढणे म्हणजे काय असते, हे आम्हांला पुढच्या पावसाळ्यात समजले. जत्रा संपलेल्या, रंगमंच ताडपत्रीखाली गेलेले, आणि चतुर्थी अजून लांब; अशा जूनमध्ये लिहायचे कशावर?

त्या वेळी नियतकालिकांच्या नोंदणीला १८६७ चा कायदा लागू होता. प्रथम नावाची पडताळणी करून घ्यायची, म्हणून पसंतीच्या क्रमाने नावे लिहून अर्ज कलेक्टर कचेरीमार्फत दिल्लीच्या वृत्तपत्र निबंधकांकडे पाठवला. देशात त्याच भाषेत, किंवा त्याच राज्यात कोणत्याही भाषेत, सारखे वा मिळतेजुळते नाव आधी नोंदले असेल तर ते मिळत नाही. रंग, पडदा, घंटा, नेपथ्य अशा शब्दांभोवतीची बहुतेक सगळी चांगली नावे महाराष्ट्रात केव्हाच कोणी ना कोणी घेऊन ठेवलेली होती. आमची पहिली यादी पूर्णच नाकारली गेली, आणि दुसऱ्या यादीतले आम्हांला सर्वांत कमी आवडलेले नाव मंजूर झाले. आज तेच नाव आम्हांला आपले वाटते, ही गोष्ट वेगळी.

नाव मिळाल्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे प्रकाशक आणि मुद्रक या दोघांनीही तेव्हा प्रतिज्ञापत्र द्यायचे असे. म्हापशाच्या छापखान्याचे मालक त्यासाठी दोनदा पणजीला आले, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला ऐकवले की लग्नपत्रिका छापण्यात एवढा व्याप नसतो. प्रतिज्ञापत्र प्रमाणित झाल्यावर मासिकाचा पहिला अंक तीन महिन्यांत काढावा लागे, नाहीतर ते रद्द ठरे. आम्ही अंक वेळेत काढून नोंदणीसाठी निबंधकांकडे पाठवला, आणि तो त्रुटीपत्रासह परत आला. मुखपृष्ठावर नाव होते, वर्ष पहिले, अंक पहिला हेही होते, शेवटच्या पानावर मुद्रक-प्रकाशकाची ओळ होती. पण आतल्या प्रत्येक पानावर मासिकाचे नाव आणि तारीख हवी, ती सजावटीला अडचण होते म्हणून आमच्या मांडणीकाराने काढून टाकली होती. नोंदणी त्या एका ओळीमुळे लांबली. २०२३ च्या नव्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांपुढचे प्रतिज्ञापत्र गेले असून नाव आणि नोंदणी यांचा अर्ज आता एकत्रच ऑनलाइन करता येतो, त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याला हा फेरा पडणार नाही.

छपाईत मी पुष्कळ शिकलो. सोळा पानांचा एक फर्मा, आमचे तीन फर्मे म्हणजे अठ्ठेचाळीस पाने; लेख दोन पानांनी वाढला तर चौथा फर्मा परवडत नाही, म्हणून कात्री लेखालाच लागते. पहिल्या काही अंकांत लेखक युनिकोडमध्ये मजकूर पाठवत, छापखान्यातला मुलगा तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेई, आणि त्या बदलात ‘ऱ्या’ची वाट लागे. एका अंकात ‘सादर करणाऱ्या’ हे शब्द जिथे जिथे होते तिथे तिथे रिकामा चौकोन छापून आला. सगळी प्रत पुन्हा डोळ्यांखालून घालण्याची सवय मला त्या चौकोनांनी लावली.

तरीही मासिक चालवण्यातला खरा अवघड भाग वेगळाच आहे. गोवा एवढासा, की परीक्षणात ज्याच्याविषयी लिहायचे तो माणूस नात्यातला तरी निघतो, नाहीतर जाहिरातदार तरी. आमच्या जाहिराती मोठ्या कंपन्यांच्या कधीच नव्हत्या. त्या असत पडदे भाड्याने देणाऱ्यांच्या, रंगभूषाकारांच्या, ध्वनी-प्रकाशयोजना पुरवणाऱ्यांच्या. एका जत्रेतल्या नाटकाच्या परीक्षणात आम्ही लिहिले, की दुसऱ्या अंकात नायकाचा माईक तीनदा गेला आणि मागच्या प्रेक्षकांना मृत्यूचा प्रसंग मूकपणेच पाहावा लागला. ध्वनियोजना करणाऱ्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यापासून वर्षाची ठरलेली जाहिरात बंद केली. मागच्या रंगीत पानाचा तो आधार गेल्यावर चार अंक आम्ही मलपृष्ठ कृष्णधवल काढले. वाक्य गाळायला हवे होते का, यावर आम्हां तिघांत रात्रभर वाद झाला. मी तेव्हाही ‘नाही’ म्हणालो होतो, पण त्या महिन्याचे छापखान्याचे बिल माझ्या पगारातून गेले म्हणून मला तसे म्हणणे सोपे होते, हेही खरे.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. परीक्षण लिहिणारा त्या तालुक्यातला नसावा, आणि मलपृष्ठाची जाहिरात एकाच व्यावसायिकाला सलग सहा अंकांपेक्षा जास्त देऊ नये. मुख्य भर वर्गणीवर ठेवला. दुकानात ठेवलेल्या अंकांचा परतावा एवढा येई, की वितरकाचे कमिशन वजा जाता हाती काही राहत नसे. उलट जत्रेत खाजांच्या दुकानाशेजारी टेबल टाकून बसलो, की नाटक सुरू व्हायच्या आधीच्या तासाभरात चांगली विक्री होई. आपल्या गावच्या नाटकाचे छायाचित्र ज्या अंकात आहे तो अंक माणूस हमखास घेतो, हे त्या टेबलावर कळले.

२०२० च्या मार्चनंतर जत्रा, नाटके, सारेच थांबले आणि काही महिने अंकही निघाला नाही. वर्गणीदारांना आम्ही पत्र लिहून मुदत वाढवून दिली. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापावे लागते. मालक, प्रकाशक, संपादक या तिन्ही रकान्यांत माझेच नाव पाहून दरवर्षी मला थोडे हसू येते.

मात्र परीक्षणांचा सर्वांत जवळचा अनुभव घरातलाच आहे. माझ्या मावसबहिणीचे यजमान त्यांच्या गावच्या नाटकात बरीच वर्षे नायक करत. आमच्या परीक्षकाने लिहिले, की भूमिकेचे वय आणि नटाचे वय यांत आता अंतर पडले आहे. त्या चतुर्थीला मी त्यांच्या घरी आरतीला गेलो, तेव्हा प्रसाद हातात ठेवला गेला, पण शब्द मिळाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच नाटकात नायकाच्या वडिलांची भूमिका घेतली. जत्रेच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला, खुशाली न विचारता त्यांनी एवढेच विचारले, “औंदू बरोवपाक कोण येता?” (यंदा लिहायला कोण येणार?)