आमची वाटचाल : साकीनाक्याचा एक इंची पाना

विमानाच्या ऑइल फिल्टरचा पाना हा आमच्या गाळ्याचा मुख्य माल नव्हे. पोट भरतं ते गेज, फिक्स्चर आणि जॉबवर्कवर. पण आमचं नाव झालं ते या पान्यामुळे, आणि धंदा बुडता बुडता राहिला तोही याच पान्यापायी. म्हणून लिहायचं तर याच्याबद्दलच लिहितो.

गाळा मी आणि मामांनी मिळून घेतला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, लालबागच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती कायमची. पुढे मिळेल तिथे लेथवर उभे राहिले, पण हात गिरणीचाच राहिला. वर्नियर हातात घेण्याआधी ते जॉबवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून दोन दोरे आहे." मग मोजायचं, तर तेवढंच निघायचं.

जुहूचे इंजिनिअर साहेब आमच्याकडे आले ते मामांची कीर्ती ऐकून. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान उतरवले ते इथंच. तिथल्या हँगरमध्ये साहेब छोट्या विमानांची इंजिनं तपासून उड्डाणाला योग्य म्हणून सह्या करत. त्यांनी टेबलावर एक काढलेला फिल्टर ठेवला. डोक्यावरच्या षटकोनाचे सहाही कोपरे झिजून गोल झालेले. म्हणाले, "बाजारातला पाना याच्यावर बसतो, पण फिरत नाही. फिरवायला गेलो की हे असं होतं."

ज्यांनी छोट्या विमानांचं लायकॉमिंग कंपनीचं इंजिन मागून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फिल्टर बसतो इंजिनाच्या मागच्या अ‍ॅक्सेसरी केसवर. आजूबाजूला मॅग्नेटो, व्हॅक्यूम पंप, होसेस, आणि मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा. लांब सॉकेट लावायला जागा नसते. पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना, जो गाड्यांच्या गॅरेजमध्ये सर्रास चालतो, तो इथं कॅन दाबून टाकतो. बारा कोनी रिंग त्या बुटक्या षटकोनावर कोपरे खाते. म्हणून लागतो तो बारीक डोक्याचा, एक इंची, उघड्या तोंडाचा पाना. जबडा दांड्याला १५ अंशात तिरका हवा. थोडं फिरवायचं, पाना उलटा करायचा, पुन्हा थोडं फिरवायचं. तेवढीच जागा तिथं असते.

मामांनी पहिला नग एन २४ पोलादात केला. तोंड वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणगीने पोलाद कापणाऱ्या मशीनवर, बाहेरून कापून आणलं, कडक करून ठिसूळपणा जाईल इतपतच पाणी उतरवून घेतलं, आणि जबड्याच्या आतल्या दोन्ही बाजू दगडाने हाताने घासून लावल्या. डोकं पातळ करायचं तर पोलाद दमदार हवं, नाहीतर जोर आला की तोंड फाकतं. साहेबांनी जुहूला नेऊन लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच बोलले, "मामांना सांगा, फिरला." मामांनी त्या दिवशी गाळ्यात सगळ्यांना भजी खाऊ घातली. पुढे साहेबांच्या शब्दावर बारामतीकडून, धुळ्याकडून मागण्या आल्या. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यार-बाजारातला एक व्यापारी आला. नाव घेत नाही. मोठी ऑर्डर देतो म्हणाला, नमुने नेले, पैसे "पुढच्या महिन्यात". त्या भरवशावर आम्ही स्वतःचं वायरकट मशीन कर्जावर घेतलं. ऑर्डर आली नाही. काही महिन्यांनी आमच्याच घाटाचा पाना निम्म्या किमतीला बाजारात दिसू लागला, आणि आमच्या फोनवर शिव्या. तोंड सुटतं, फिल्टरचे कोपरे जातात, तुमचा माल बिघडला. आमच्या पान्यावर तेव्हा आम्ही शिक्का मारत नव्हतो, त्यामुळे लोकांना दोन्ही सारखेच. जुन्या गिऱ्हाइकांनी मागण्या थांबवल्या. हप्ता चुकला. दोन चांगले कारागीर भिवंडीला गेले. मामा गाळा विकायचं बोलू लागले.

साहेब तेव्हा स्वतः रिक्षाने साकीनाक्याला आले, पिशवीत तो निम्म्या किमतीचा पाना घेऊन. मामांनी तो खिडकीशी उजेडात धरला. डोक्याच्या कडेला निळसर झाक होती. म्हणजे तयार पाना आणून डोकं ग्राइंडरवर घासून पातळ केलेलं, आणि घासताना इतकं तापवलेलं की पाणी पार उतरून पोलाद मऊ पडलेलं. मामांनी कानस लावली, ती सरळ चावली. आमच्या पान्यावर कानस घसरते. मग जबडा मोजला. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि हा जवळपास २६. बाजारातला २६ चा पाना घेऊन त्यावर "१ इंच" ठोकलं होतं. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त ढिलाई, आणि एवढ्या बुटक्या षटकोनावर! साहेबांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून फोटो काढले आणि आपल्या ओळखीच्या प्रत्येक हँगरला पाठवले. त्यांना त्यातून एक रुपया मिळणार नव्हता. त्यांचं हे ऋण मी विसरलेलो नाही. त्या व्यापाऱ्याने नमुन्यांचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत, हेही विसरलेलो नाही.

त्यानंतर प्रत्येक पान्यावर आमचा शिक्का आणि नंबर असतो, आणि जबडा गो-नो-गो गेजवर (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं गेज) तपासल्याशिवाय बाहेर जात नाही.

आता हातासरशी सांगतो, कारण पाना घेताना लोक फक्त भाव विचारतात. फिल्टर काढण्यापेक्षा बसवताना पान्याची खरी परीक्षा असते. चॅम्पियन कंपनीच्या फिल्टरला १६ ते १८ फूट-पाउंड टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सांगितलेला असतो, तो हाताच्या अंदाजाने देऊ नका. आमचा पाना टॉर्क रेंचच्या (हा जोर मोजणाऱ्या पान्याच्या) टोकाला सरळ रेषेत जोडला की लांबी वाढते आणि काटा खोटं बोलतो. रेंच १० इंच आणि जोड २ इंच असेल तर १७ साठी रेंचवर १४ च्या जरा वर लावायचं. जोड काटकोनात लावता आला तर हा हिशोबच करावा लागत नाही. ज्या हँगरमध्ये हा हिशोब भिंतीवर चिकटवलेला नाही, तिथं मी स्वतः लिहून देतो.

फिल्टरच्या रबरी गॅस्केटला डीसी-४ हे सिलिकॉन ग्रीस लावा. जुना गॅस्केट अडॅप्टरवर चिकटून तर राहिला नाही ना, बोटाने फिरवून बघा. दोन गॅस्केट एकावर एक बसले तर तेल हवेत जातं आणि पाठोपाठ इंजिन. लॉकवायर, म्हणजे फिल्टर सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार, कापण्याआधी पाना लावायचाच नाही. हातातून पडलेला नवा फिल्टर बसवू नका, कितीही महाग असो. आणि ५० तासांनी काढलेला फिल्टर कटरने उघडा, हॅक्सॉने नाही. करवतीचा कीस फिल्टरच्या कागदाच्या घडीत अडकला की इंजिनातून आलेला धातूचा कण कोणता आणि तुमचा कोणता, हे देवालाही कळायचं नाही.

नागदेवीत तो नकली माल अजूनही मिळतो. आमचाच पाना घ्या असा माझा आग्रह नाही, परदेशातले चांगले पाने आहेत आणि टॉर्क रेंचसकट येणारेही आहेत. दुकानातून घेणार असाल तर मात्र खिशात वर्नियर आणि एक छोटी कानस ठेवा. जबडा २५.४ च्या वर केसभरच असावा, कानस घसरावी, डोक्यावर निळसर डाग नसावा. दुकानदार कानस लावू देत नसेल तर तिथून निघा.

मामा आता गाळ्यात रोज येत नाहीत, गुडघे धरतात. पण नवी लॉट भट्टीतून आली की मी त्यांच्या घरी एक नग नेतो. ते अंगठा फिरवतात, मग मी नंबर मारतो.