खणखणीत आवाज

बिडाचे कास्टिंग, म्हणजे ओतून घडवलेला भाग, वाळूतून काढून साफ झाले की आबा ते साखळीला टांगत आणि लहान हातोडीने त्यावर एकच ठोका देत. ठोका खणखणीत उमटून काही क्षण हवेत रेंगाळला तर माल पुढे मशीनवर जाई, आणि आवाज बद्द आला तर आत कुठेतरी चीर किंवा पोकळी आहे असे समजून ते कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकण्याच्या ढिगावर पडे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे बालपण गेले आणि तिथे माणसाच्या आवाजाचीही पारख याच शब्दांत होत असे. म्हणूनच १९९१ साली, मी अकरावीत असताना, इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने जुडास प्रीस्ट या इंग्लिश बँडची भरून आणलेली कॅसेट घरी लावली, तेव्हा दुसऱ्या पाळीला निघालेले आबा उंबऱ्यात थांबून जे बोलले ते मला कधीच विचित्र वाटले नाही. "वरडतोय कशाला ते कळत न्हाई," ते म्हणाले, "पण आत पोकळी न्हाई बघ त्येच्या."

तो आवाज रॉब हॅलफर्डचा होता. त्याच्या कारकिर्दीविषयी लिहावे असे कित्येक वर्षे मनात आहे, कारण हेवी मेटल या जोरकस रॉक संगीताविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते त्यात चामड्याचे कपडे, मोटारसायकल आणि गोंगाट यांच्यापलीकडे कोणी फारसे जात नाही. मला त्या गाण्यात एका ओतकामाच्या गावाचा माणूस ऐकू येतो आणि ते का, हे मला सांगायचे आहे.

हॅलफर्डचा जन्म २५ ऑगस्ट १९५१ चा. तो वाढला वॉल्सॉलमध्ये. बर्मिंगहॅमच्या वायव्येला असलेले हे गाव ज्या पट्ट्यात येते त्याला इंग्लंडमध्ये 'ब्लॅक कंट्री' म्हणजे काळा मुलूख म्हणतात, कारण कोळशाच्या खाणी आणि भट्ट्यांचा धूर यांनी तो सारा प्रदेश एकेकाळी काळवंडलेला असे. त्याचे वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. शाळेच्या वाटेवर एक फाउंड्री लागत असे आणि तिच्या धुरातून श्वास रोखून पुढे जावे लागे, ही आठवण त्याने सांगितलेली आहे. वर्गात बसल्यावर शेजारच्या कारखान्यातील वाफेच्या घणांनी बाके हादरत, हेही त्याने मुलाखतींमधून सांगितले आहे. ज्याने आमच्याकडच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कधी पाळी केली आहे, त्याला या दोन्ही गोष्टी समजावून सांगण्याची गरज नाही. जळलेल्या वाळूचा आणि कोअरमधल्या, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यातल्या, राळेचा वास कपड्यांना लागतो, अंघोळीनेही तो पुरता जात नाही, आणि घणाचा ठोका कानाच्या आधी पायांना कळतो.

वॉल्सॉलची दुसरी ओळख चामड्याची आहे आणि ही गोष्ट समजली तेव्हा मी खरोखर थबकलो. घोड्यांची खोगिरे आणि लगाम यांच्यासाठी ते गाव जगात प्रसिद्ध असून तिथल्या फुटबॉल क्लबचे टोपणनावसुद्धा खोगीर करणारे असेच आहे. एका हाताला बीड आणि दुसऱ्या हाताला चामडे अशी गावे जगात किती असतील ते मी मोजलेले नाही, पण त्यांतल्या एका गावात मी राहतो. उद्यमनगरातून सायकलवर थोड्या वेळात सुभाषनगरात पोहोचले की लेथचा आवाज मागे राहून चप्पल कारागिरांच्या घरांतील हातोडीचा बसका आवाज ऐकू येतो आणि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास येतो. १९७८ च्या सुमारास हॅलफर्डने काळे चामडे आणि त्यावर धातूच्या टिकल्या असा वेश रंगमंचावर आणला, जो पुढे साऱ्या हेवी मेटल जगताचा गणवेशच झाला. त्यामागे त्याची स्वतःची कारणे होती, गावाशी त्याचा संबंध जोडावा असे तो म्हणाला असेल असा माझा दावा नाही; मला मात्र तो वेश पाहताना नेहमी त्याचे गाव दिसते.

शाळा सोडल्यावर तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या ग्रँड थिएटरात उमेदवारीला लागला आणि नाटकांच्या प्रकाशयोजनेचे काम शिकला. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आपले काम पोहोचले पाहिजे ही जाण त्याला तिथेच आली असावी असे मला वाटते. ज्या शहराने केशवराव भोसले यांच्यासारख्या नटाचे, ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या प्रेक्षकाला गाठणारे गाणे ऐकले, त्या शहरातील माणसाला या जाणिवेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत सापडले, त्यानंतर कित्येक दिवस त्या रस्त्याने जाणे मला नकोसे झाले होते.)

१९७३ साली हॅलफर्ड जुडास प्रीस्टमध्ये आला. बँडचा बेस वादक इयान हिल याची त्या वेळी हॅलफर्डची बहीण सू हिच्याशी मैत्री होती आणि जुना गायक सोडून गेल्यावर तिने आपल्या भावाचे नाव सुचवले. १९७४ च्या पहिल्या अल्बममध्ये हा गायक अजून आपली जागा शोधतो आहे असे जाणवते. १९७६ च्या 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी'मध्ये ती त्याला सापडली. या अल्बममधील 'व्हिक्टिम ऑफ चेंजेस' हे सुमारे आठ मिनिटांचे गाणे मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. त्यात तो सुरुवातीला मधल्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखा गातो, मध्यंतरी गिटार थांबत आल्यावर आवाज इतका हळुवार करतो की शेजारच्या खोलीतील माणसाला तो ऐकू जाऊ नये, आणि शेवटी तारसप्तकाच्याही वर जाऊन एक दीर्घ सूर लावतो. लहानपणी चार वर्षे मी गाण्याच्या क्लासला जात होतो, त्या तुटपुंज्या शिदोरीवर एवढे सांगू शकतो की तो सूर म्हणजे किंचाळी नव्हे. किंचाळीला पट्टी नसते, ती घशातून निघते आणि दोनचार वेळांत घसा बसवते. हॅलफर्डचा सूर वरच्या पट्टीत नेमका लागतो, लागल्यावर तिथे टिकतो आणि त्यातले शब्द स्वच्छ कळतात. आमचे मास्तर ज्याला सूर डोक्यात घेणे म्हणत, तेच हे आहे; आवाजाचा भार गळ्यावरून काढून कपाळाच्या पोकळीत नेणे, आणि खाली पोटात श्वास धरून ठेवणे. असा आवाज नुसत्या जोरावर काढता येत नाही.

यानंतरची काही वर्षे चढत्या भाजणीची होती आणि त्यांतल्या १९८० च्या 'ब्रिटिश स्टील'बद्दल मी थोडे अधिक सांगणार आहे. त्या वर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, तेरा आठवडे, ब्रिटनमधील पोलाद कामगार देशव्यापी संपावर होते आणि नेमक्या त्याच काळात हा अल्बम टिटनहर्स्ट पार्क या, पूर्वी जॉन लेननच्या आणि तेव्हा रिंगो स्टारच्या मालकीच्या, घरात ध्वनिमुद्रित झाला. तयार आवाज साठवून हवा तेव्हा वाजवणारी यंत्रे तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हती. लोखंडी माणसांची पलटण चालत येते आहे असा आवाज हवा होता, तेव्हा स्वयंपाकघरातील काटेचमच्यांचे ट्रे उचलून आपटले गेले. काच फुटल्याचा आवाज हवा होता, तेव्हा दुधाच्या बाटल्या फोडल्या गेल्या. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला उद्यमनगरातील मिस्त्री लोक आठवले, ज्यांनी बाहेरून आलेले ऑइल इंजिन खोलून पाहिले आणि हाताशी असलेल्या हत्यारांनी तसेच दुसरे घडवले. या अल्बममधील गाणी छोटी आहेत आणि हॅलफर्ड त्यांत मुद्दाम खालच्या पट्टीत गातो. चारचौघांना एकत्र म्हणता यावे म्हणून मोठ्या गायकाने आपली पट्टी खाली आणणे ही मला त्याच्या कारकिर्दीतील फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल बोलले मात्र फार कमी जाते.

यशाच्या त्याच वर्षांत तो दारूच्या पुरता आहारी गेला होता. जानेवारी १९८६ पासून त्याने दारू सोडली ती आजतागायत. आमच्या घरातही एका माणसाने असा प्रयत्न केला होता, तो साधला नाही, त्यामुळे या एका वाक्यामागे काय असते ते मला ठाऊक आहे.

१९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील रीनो शहरात या बँडवर खटला चालला. १९८५ च्या डिसेंबरात तिथल्या दोन तरुणांच्या बाबतीत फार दुःखद घटना घडली होती आणि १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास'मधील एका गाण्यात छुपे शब्द दडवले असल्यामुळे ती घडली, असा कुटुंबीयांचा दावा होता. ते गाणे मुळात दुसऱ्याच बँडचे होते. हॅलफर्ड साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि वाद्यांशिवाय ती ओळ गाऊन दाखवली; जे शब्द म्हणून ऐकू येतात ते ओळीच्या शेवटी सोडलेला श्वास आणि गिटारचा एक आवाज एकमेकांवर पडल्याने भासतात, हे बँडला पटवून द्यायचे होते. ध्वनिफीत उलटी वाजवली तर कुठलेही वाक्य सापडू शकते हे दाखवण्यासाठी त्याने आपल्याच गाण्यातून, आई, माझी खुर्ची मोडली, अशा अर्थाचे वाक्य शोधून न्यायालयात ऐकवले. २४ ऑगस्ट १९९० रोजी, त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, न्यायाधीशांनी दावा फेटाळला. दोन घरांतील मुले गेली होती, त्यामुळे याला विजय म्हणावे असे मला वाटत नाही. गायकाच्या श्वासाची न्यायालयात अशी तपासणी व्हावी, हे मात्र मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

खटल्यामुळे रखडलेला 'पेनकिलर' हा अल्बम त्याच सप्टेंबरात आला. माझ्या मावसभावाच्या कॅसेटमध्ये तोच होता. पहिल्या गाण्यात हॅलफर्ड जवळजवळ अखंड वरच्या पट्टीत राहतो आणि नवा ड्रमवादक स्कॉट ट्रॅव्हिस दोन्ही पायांनी जो ठेका धरतो, त्यात मला थेट ड्रॉप हॅमर, म्हणजे वरून आदळणारा यांत्रिक घण, ऐकू येतो. पुढच्या वर्षी टोरांटोच्या कार्यक्रमात रंगमंचावर मोटारसायकलने येताना अर्धवट उचललेल्या जिन्यावर आदळून त्याच्या नाकाचे हाड मोडले, तो काही वेळ बेशुद्ध होता, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने उरलेला कार्यक्रम पूर्ण केला. १९९२ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला.

बाहेरच्या अकरा वर्षांतले त्याचे संगीत मला फारसे भिडत नाही. २००० सालचा 'रिझरेक्शन' तेवढा अपवाद. परंतु याच काळात, फेब्रुवारी १९९८ मध्ये, एमटीव्हीवरील मुलाखतीत त्याने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. पुरुषीपणाच्या दिखाव्यावर पोसलेल्या या संगीतात, इतक्या मोठ्या गायकाने, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हे उघड बोलणे किती अवघड असेल याची कल्पना आमच्या गल्लीत वाढलेल्याला सहज करता येते. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. चाहते पाठ फिरवतील अशी भीती त्याने वर्षानुवर्षे बाळगली होती. चाहत्यांनी पाठ फिरवली नाही, आणि २००३ साली तो जुडास प्रीस्टमध्ये परतला तेव्हा त्याचे स्वागतच झाले.

परतलेल्या हॅलफर्डचा आवाज बदललेला आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वरचे काही सूर आता दर वेळी हाताला लागत नाहीत, मैफलीत काही जागा तो खालून घेतो. त्याबदल्यात मधल्या सप्तकात जो भरीवपणा आला आहे तो तरुणपणी नव्हता. २०११ मध्ये गिटारवादक के. के. डाउनिंग बँडमधून गेला, २०१८ मध्ये दुसरा गिटारवादक ग्लेन टिप्टन याला पार्किन्सनचा आजार असल्याचे जाहीर झाले, २०२० मध्ये स्वतः हॅलफर्डवर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी उपचार झाले, आणि तरीही काम थांबले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस येथे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडचा गौरव केला. ८ मार्च २०२४ रोजी 'इनव्हिन्सिबल शील्ड' प्रकाशित झाला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता.

तो अल्बम मी आबांना ऐकवला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, ग्राइंडरांनी त्यांचा डावा कान पूर्ण, उजवा निम्मा नेला आहे. स्पीकर त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला. पहिले गाणे संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"त्योच का ह्यो? कॅसेटवाला?"

"होय आबा, तोच. बहात्तर वर्षांचा झाला."

"आनि अजून कामावर जातोय?"

"याच महिन्यात दौऱ्यावर निघाला आहे."

आबांनी कानातले यंत्र काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसून पुन्हा नीट बसवले आणि गाणे सुरुवातीपासून लावायला सांगितले.