म्हातारी मांजर, दुखरे सांधे आणि थकलेली किडनी

सांधे दुखले तरी मांजर सहसा लंगडत नाही. ती ओट्यावर उडी मारायची थांबते, कमरेवरच्या केसांच्या गाठी होतात, नखं वाढून गादीत रुततात. हे नुसतं म्हातारपण नव्हे, दुखणं आहे.

घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. अगदी चतकोर गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, कारण मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही.

मेलॉक्सिकॅम हे सूज-दुखीचं औषध किडनीचा आजार स्थिर असेल तरच द्यायचं, तेही डॉक्टरांनी वजनावरून काढलेल्या सर्वांत कमी डोसमध्ये. मांजरांचं औषध एका मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम असतं, कुत्र्यांचं १.५, बाटली बदलली की डोस तिप्पट! मांजर जेवली नाही, उलटी किंवा जुलाब झाले, तर त्या दिवशी डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. शरीरातलं पाणी कमी झालं की हेच औषध किडनीचा रक्तपुरवठा घटवतं. गॅबापेंटिन हे दुसरं वेदनाशामक किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून तेही कमीच लागतं. जास्त झालं तर मांजर झिंगल्यासारखी चालते.

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये तिला सहज शिरता यावं म्हणून त्याची एक बाजू कापून पाचेक सेंटिमीटरच उंच ठेवा, कडा घासून गुळगुळीत करा. पाण्याची भांडी मात्र दोन-तीन जागी हवीतच.