तिचं उत्तर काय असतं?

१९८८ साली नववीत असताना तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेतली ढाल मी शाळेत आणली. विषय होता दूरदर्शनमुळे विद्यार्थ्यांचं होणारं नुकसान, आणि मी विरोधी बाजूनं उभा होतो. समोरची मुलगी फार तयारीनं बोलली. माझी पाळी आली तेव्हा मी तिला विचारलं, "तुमच्या घरी टीव्ही आहे का?" ती गोंधळली, खाली बघत राहिली. टाळ्या पडल्या. निकाल तिथंच लागला.

परतताना एसटीत संस्कृतच्या बाई शेजारी बसल्या. ढाल माझ्या मांडीवर होती.

"काय रे, तिचं उत्तर काय असतं?"

"माहीत नाही, बाई."

"मग, ऐकायचंच नव्हतं तर विचारलंस कशाला?"

पुढच्या तासाला बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: वाद, जल्प, वितंडा. न्यायसूत्रांतला हा भेद. खरं काय ते ठरवायला दोघं बोलतात तो वाद. जिंकायचंच म्हणून, प्रसंगी शब्दच्छल करून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं, ती वितंडा. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझा प्रश्न कुठे बसतो ते मला कळलं होतं.

त्यानंतर सरावाला एक नियम आला. प्रश्न विचारायचा तर आधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा. तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणाला की मगच विचारायचं. जुने शास्त्रकार पूर्वपक्ष आधी मांडत, तसंच. दहावीत ढाल गेली. मला वाईट वाटलं, बाईंना नाही.

पुढे वकिली करू लागलो तेव्हा सीनियरनी नेमकं उलट शिकवलं: उत्तर माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासात विचारू नकोस. कोर्टात ते योग्यच आहे. सरतपासातला साक्षीदार आपला असतो, त्याच्या तोंडी शब्द घालणं सोपं, म्हणून तिथं सूचक प्रश्नाला, म्हणजे उत्तर आधीच सुचवणाऱ्या प्रश्नाला, सहसा मनाई; समोरच्या बाजूच्या साक्षीदाराच्या उलटतपासात मुभा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातला हा भेद १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. "तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता, बरोबर?" असं मी रोज विचारतो.

ऑफिसात मात्र बाईंचा नियम चालतो. जमिनीच्या वाटणीचा दावा लावायला माणसं सातबारा, फेरफार घेऊन येतात. कागद उघडण्याआधी मी म्हणतो, "तुमच्या भावाचं म्हणणं काय आहे, ते त्याच्या बाजूनं सांगा." बरेच जण चिडतात. "वकील माझे की त्याचे?" असंही ऐकलंय. उत्तर काय येईल ते मला खरंच ठाऊक नसतं, आणि ते ऐकायचं असतं.

एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आईच्या आजारपणात घरी तोच होता."

तो दावा लावावा लागला नाही. दोघांनी मिळून तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज केला. विहिरीकडचा तुकडा आईजवळ राहिलेल्या धाकट्याला गेला.