नव्या गाडीत सीडी घालायची कुठं?

नवी गाडी घरी आणली आणि बाबांचा पहिला प्रश्न, "सीडी कुठं घालायची रे ह्यात?" कुठंच नाही की! स्क्रीन ताटाएवढी, पण फट म्हणून नाही, आणि यांच्याकडं भजनाच्या साठेक सीड्या.

मी शहाणपणा करून लॅपटॉपची यूएसबी डीव्हीडी ड्राईव्ह गाडीला जोडली तर स्टिरिओ ओळखच दाखवेना. नंतर कळलं, त्याला पेनड्राईव्हसारख्या फाईली लागतात आणि ऑडिओ सीडीवर तशा फाईली नसतातच, कॉम्प्युटरवर दिसते ती सीडीए फाईल फक्त 44 बाईटची, गाणं कुठं आहे त्याचा नुसता पत्ता.

मग कपाटातला जुना पोर्टेबल प्लेयर काढला, ऑक्सची वायर (प्लेयरचा आवाज गाडीच्या स्टिरिओत नेणारी) लावली, आवाज झकास! बेळगावात टिळकवाडीपर्यंत सगळं ठीक, पण खानापूर रोडला गाडी लागली आणि प्रत्येक खड्ड्याला अभंग अडखळायला लागला, "विठ्ठ... विठ्ठ...", बाबा म्हणाले, "बुवांना उचकी लागली बघ." प्लेयरमध्ये अँटी-स्किप असतं म्हणे, म्हणजे पुढचे काही सेकंद आधीच वाचून ठेवायचे, पण आमच्या रस्त्यापुढं ते काय टिकणार.

शेवटी दोन रविवार बसून सगळ्या सीड्या रिप केल्या, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर फाईली करून घेतली, 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीत, तासाभराची सीडी साधारण 144 एमबी, पेनड्राईव्ह एफएटी 32 ला (फाईली मांडून ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट केलेला, बहुतेक स्टिरिओंना तोच चालतो. बाबा मात्र अजून डॅशबोर्डच्या कप्प्यातनं सीडीचं कव्हर काढतात, चष्मा लावतात आणि सांगतात, "चार नंबरचं लाव."