सॉरी म्हणाले आणि दार लावून घेतलं

जूनमध्ये नागपूरला कोणी जातं का, असं डोंबिवलीत मला किमान आठ जणांनी विचारलं आणि सगळ्यांचा रोख उन्हावर होता. माझी भीती वेगळीच होती, सापांची. ताईने नवीन घराचे फोटो पाठवले, घर छान होतं, पण डाव्या हाताला रिकामा प्लॉट, मागे रिकामा प्लॉट, समोर अर्धवट बांधकाम आणि विटांचा ढीग. बेसाच्या पुढे सगळं असंच आहे म्हणे, ले-आउट पडलेत, त्यात चार घरं उभी राहिलीत, बाकी नुसतं गवत. मी फोटो झूम करकरून ते गवत बघत होते. ताईला वाटलं मला गेटचं डिझाईन आवडलं.

तर वास्तुशांतीला जायचंच होतं. कल्याणला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले आणि झोपायचं सोडून रात्रभर मोबाईलवर साप वाचत राहिले. हे कोणी करू नये. वाचलं काय, तर २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. मी जात होते जूनमध्ये. त्याच्याच पुढे लिहिलं होतं की यातले बहुतेक सगळे मृत्यू ग्रामीण भागातले, पण ती ओळ मी तेव्हा वाचून न वाचल्यासारखी केली, कारण बेसा म्हणजे शहर की गाव हे मला कुठे माहीत होतं.

वास्तुशांती झाली, पाटोडी-रस्सा झाला, तर्री पोहे तीनदा झाले, महाल भागातले सगळे नातेवाईक भेटले. आता मुद्द्यावर येते.

पाहुणी म्हणून मला तळमजल्यावरची खोली मिळाली. ताईच्या मते हा मान होता, कारण घरातला सगळ्यात मोठा कूलर तिथे. नागपूरचा कूलर ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, ते कपाटाएवढं लोखंडी धूड खिडकीत बाहेरून बसवतात, आत गवताच्या ताट्या, त्यावर सतत पाणी, आणि कूलर आणि खिडकी यांच्यामध्ये जी फट राहते ती थर्माकोल, पुठ्ठा, जुनी चादर असं काय मिळेल ते कोंबून बुजवतात. माझ्या खोलीत एका बाजूला पुठ्ठा होता आणि दुसऱ्या बाजूला भाऊजींची जुनी जीन्स. बाहेर ४३ डिग्री, सगळा प्लॉट तापून पांढरा पडलेला, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्या अख्ख्या प्लॉटमध्ये थंड आणि ओली जागा एकच, माझ्या उशाशी. मी साप असते तर कुठे गेले असते, एवढाच विचार मी दोन रात्री करत होते.

भाऊजींना सांगितलं तर ते हसले. "काही नाही होत ना. धामण निघते कधी कधी, इकडून तिकडे जाते, आपलं काय घेऊन राहिली ते?" त्यांच्या 'निघते' आणि 'जाते'मध्ये इतका निवांतपणा होता की जणू शेजारच्या काकू. त्यातून ताईच्या सासूबाई. त्या आता आतापर्यंत नागपंचमीच्या आधी बसने पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जायच्या, डोंगर चढून. त्यांच्यासमोर मी रात्री 'साप' म्हटलं की त्या हात जोडायच्या. "रात्रीचं नाव नाही घ्यायचं बाई, जनावर म्हणावं." चावलं असंही म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. मला ऐकूनच थंडी वाजली, साप चावण्याला पान लागणं म्हणणारे लोक किती पिढ्या त्याला घाबरत आले असतील. शेवटी गावाच्या नावातच नाग आहे हो, नाग नदीवरून नागपूर. ती नदी आता शहरात पाहिली तर नाल्यासारखी दिसते, नाग काय, बेडूकही तिथे राहायला दोनदा विचार करेल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. पहिलाच. दिवसभर उकडून निघालं होतं आणि एकदम वारं, धूळ, मग टपोरे थेंब, आणि काळ्या मातीचा तो वास, मी गच्चीवर भिजले, फार म्हणजे फार सुंदर होतं ते. तासाभरात पाऊस थांबला, लाईट गेली, आणि अशी काही उमस सुटली की अंगावरचा कपडा नको झाला. भेगांमध्ये पाणी गेलं, बेडूक ओरडायला लागले. हे सगळं मी ट्रेनमध्ये वाचलं होतं, पहिला पाऊस, बिळात पाणी, बेडूक बाहेर, मग त्यांच्यामागे कोण बाहेर. वाचलेलं बरोबर ऐनवेळी आठवतं.

अकराच्या सुमाराला लाईट आली म्हणून मी बाथरूमला गेले. ट्यूब लागली. समोरच्या भिंतीवर, व्हेंटिलेटरच्या खाली, हातभर लांब, करंगळीएवढं बारीक, तपकिरी, त्यावर पिवळसर पट्टे, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पाहिलं असं मला वाटलं. मी किंचाळले नाही. मी "सॉरी" म्हणाले आणि दार लावून घेतलं. खरंच. आत कोणी आहे हे न बघता दार उघडलं तर आपण म्हणतो ना, तसं. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि मला ताईला हाक मारायला आवाजच फुटेना.

पुढची चाळीस मिनिटं जत्रा. भाऊजी, जे इतके दिवस निवांत होते, तेच काठी घेऊन आले. शेजारचे दोघं आले, त्यातल्या एकाने मोबाईलवर शूटिंग सुरू केलं, समोरच्या बांधकामावरचा चौकीदार आला, त्याची बायको आली, कडेवर पोर. दाराच्या फटीतून एकेकाने बघून निदान केलं, मण्यार. सगळे म्हणे मण्यारच. सासूबाईंनी मात्र भाऊजींच्या हातातली काठी काढून घेतली आणि दाराला लावून तिथेच बसल्या, मारायचं नाही म्हणजे नाही. कायद्यानेही बरेच साप मारता येत नाहीत, पण त्या वेळी कायद्यापेक्षा सासूबाई उपयोगी पडल्या.

सर्पमित्र मानेवाड्याहून आला, बाईकवर, भिजलेला, जेमतेम बावीस-तेवीसचा पोरगा. मला वाटलं होतं कोणी मिशीवाला येईल. त्याच्याकडे एक हूक, पाईपचा तुकडा आणि काळी कापडी पिशवी. आधी त्याने सगळ्यांना मागे सारलं, मोबाईलवाल्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं (या एका गोष्टीसाठी मी त्याला काहीही द्यायला तयार होते), दार उघडलं, आणि तीन मिनिटांत साप पाईपमधून पिशवीत. "कवड्या आहे काका. बिनविषारी. पालीसाठी आला असन."

मी विचारलं, पण पट्टे? तो म्हणाला, "ताई, मण्यार भिंतीवर असा सहसा नाही चढत, हा चढते. अन् पट्टे पहा ना, मानेपासूनच सुरू झाले, शेपटीकडे फिक्के होत गेले. मण्यारचं उलटं, पुढे जागा मोकळी, मंग पांढऱ्या बारीक रेघा, जोडी-जोडीनं." मग म्हणे पण तुम्ही या पट्ट्यांच्या भानगडीत नका पडू, अंधारात पट्टे मोजत कोण बसते. दिसला तर लांब राहायचं, लक्ष ठेवायचं, फोन करायचा.

मी लगेच माझी प्रश्नपत्रिका काढली. फिनेल टाकलं तर? लसूण? रॉकेल? तो नुसता मान हलवत होता. काही उपयोग नाही ताई, फटी बुजवा, उंदीर होऊ देऊ नका, गवत काढा. चावला तर? दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं तर नाहीच, हलवायचं कमी आणि सरळ मेडिकल नाही तर मेयो, म्हणजे नागपूरची दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं. साप पकडून न्यायची गरज नाही, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर औषध एकच चालतं. हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं डॉक्टर आधी विचारतात कोणता होता.

मग तो बाहेर गेला आणि टॉर्च मारत मारत समोरच्या प्लॉटवर पोचला. तिथे पत्र्याची खोली, चौकीदाराची. बाजूला सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग, विटा, आणि खोलीत जमिनीवर ताडपत्री, त्यावर गोधडी. बालाघाटकडचं कुटुंब, नवरा-बायको आणि दीड वर्षाचं पोर. तो तिथेच उकिडवा बसला. मी गेटमधून ऐकत होते. "खाट है?" नही. "मच्छरदानी?" नही. तो त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता की खरी मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, चावते तेव्हा मुंगी चावल्याएवढंही कळत नाही, सूज नाही, रक्त नाही, पहाटे पोट दुखायला लागतं आणि लोक गॅस झाला म्हणून सोडा पितात. डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं की समजायचं, आणि तोपर्यंत वाट नाही बघायची. मच्छरदानी गोधडीखाली चारी बाजूंनी खोचा. फळ्या खोलीपासून लांब करा. तो बोलतच होता, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

आणि मी काय केलं सांगू? मी गेटमधून हाक मारली. "अहो दादा, जाण्याआधी माझा कूलर बघता का एकदा?"

तो आला. निमूट आला. टॉर्च मारली, जीन्स उपसून बघितली, परत खोचली. "बरोबर आहे ताई, काही नाही." पिशवीतला कवड्या वनखात्याला कळवून जवळच सोडणार म्हणाला, पेट्रोलचे दोनशे भाऊजींनी बळेबळे दिले तेवढे घेतले, आणि गेला. समोर परत गेला नाही. जाता जाता तिकडे हात केला फक्त.

मला त्या रात्री पाच दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागायला हवी होती. कूलर तपासून झाला होता, खाली पलंग होता, आणि भिंतीवरचा होता तो बिनविषारी निघाला होता. पण डोळा लागेना. ट्रेनमध्ये जी ओळ वाचून न वाचल्यासारखी केली होती तीच आठवत राहिली. ५८ हजारांतले कोण असतात, तर हे असतात, ताडपत्रीवरचे, आणि त्यांना कोणी पंधरा मिनिटं देत होतं त्यातली शेवटची पाच मी माझ्या कूलरसाठी घेतली.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून मच्छरदानी आणली, ३८० रुपये, घासाघीस केली नाही, उगाच प्रायश्चित्त असल्यासारखं. चौकीदाराची बायको म्हणाली, बांधू कुठे? पत्र्याला खिळा लागत नाही. भाऊजी भर दुपारी हातोडी घेऊन गेले, चार बांबू रोवले, घामाने निथळत, पुटपुटत, "या डोंबिवलीवाल्यांचं काही खरं नाही." मी गोधडीखाली कडा खोचून दाखवल्या. ती हसत होती. पोर आत बसून जाळीला बोटं घालत होतं.

परत आल्यावर आठ दिवसांनी ताईला फोन केला, म्हटलं वापरतात का गं? ताई म्हणाली, पोराला झोपवते आत. ती दोघं बाहेरच झोपतात, आत हवा लागत नाही म्हणते, पंखा कुठाय त्यांच्याकडे.