ब्रेमेनच्या घरात दहा आठवडे: पहिल्यांदा विचारतील तेव्हाच हो म्हणा

पुण्यात औंधातून युनिव्हर्सिटीकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो, तिथूनच पीएमपीच्या बसने रोज रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकायला जायचे आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या खऱ्या ब्रेमेन शहरात पोचले. जर्मनची बी-वन लेव्हल झाली होती, पुढचा कोर्स तिकडेच करायचा ठरवलं आणि राहायला होस्टेलऐवजी होस्ट फॅमिली घेतली. घरात साठीच्या काकू, त्यांचे मिस्टर आणि वरच्या मजल्यावर काकूंची आई. आता तिकडे जाणाऱ्या दोन-तीन मैत्रिणी सारखं विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहितेय.

४ ऑक्टोबर, शनिवार. फ्रँकफर्टला उतरून पुढे ट्रेनने जवळजवळ चार तास, संध्याकाळी सहाला घरी. साडेसहाला टेबलावर ब्रेड, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो. गरम काहीच नाही. बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण असंच असतं, आबेंडब्रोट म्हणतात त्याला, गरम जेवण दुपारी. दोन स्लाइस खाल्ले, काकूंनी विचारलं अजून देऊ? मी आपल्या सवयीने "नको नको, बास" म्हटलं कारण आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कोण हो म्हणतं, आता परत विचारतील, मग घेऊ असं वाटलं. त्यांनी टोपली उचलून ठेवून दिली. दहा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले, किचनमध्ये जाऊन काही उघडायची हिंमत नाही, दुसऱ्या दिवशी रविवार म्हणजे दुकानं बंद. बॅगेतली बाकरवडी खाल्ली आणि झोपले.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी काकूंनीच विचारलं, तुला आमचं जेवण आवडत नाही का? तेव्हा मोडक्या जर्मनमध्ये आग्रह म्हणजे काय ते सांगितलं, आमच्याकडे नको म्हणजे अजून एकदा विचारा. त्या शांतपणे म्हणाल्या, आमच्याकडे तू नाही म्हणालीस आणि मी तरी वाढलं तर मी तुझं ऐकलंच नाही असं होतं. मला हे फार आवडलं, खरंच. पण जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा, थंडी वाजत असेल तर दुसरी रजई मागा, उशीर होणार असेल तर मेसेज टाका. मनातलं कोणी ओळखणार नाही, पण सांगितलंत की लगेच करतील.

काकूंना नावाने हाक मारायला मला दोन आठवडे लागले. क्लासमध्ये मोठ्यांना "झी" (तुम्ही) म्हणायचं शिकवलेलं, आणि यांनी पहिल्याच दिवशी "डू" (तू) म्हण, नावाने हाक मार सांगितलं. अहो-जाहो आपण ठरवायचं नाही, त्या म्हणतील तसं. मनात मात्र त्या माझ्या काकूच होत्या.

बाथरूमबद्दल नीट वाचा. बादली-मग नाही, आणि शॉवरच्या काचेबाहेर जमिनीत जाळी नसते, त्यामुळे बाहेर पाणी सांडलं तर ते जातच नाही, पुसावं लागतं. अंघोळीनंतर काचेवरचं पाणीसुद्धा रबराच्या पट्टीने ओढायचं. टॉयलेटमध्ये जेट नसतो, एक छोटी बाटली ठेवा. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हीटर बंद करून, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या फोडणीचा वास काढतायत, पण तो त्यांचा रोजचा नियम. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, पहिल्या आठवड्यात विचारून टाका. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या की बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात. तसं नळाचं पाणी बिनधास्त प्या. रात्री दहानंतर आवाज नको, म्हणजे घरी व्हिडिओ कॉल हळू आवाजात. घड्याळाचं पण बघा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग पुण्याशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो, माझा आईला रोजचा फोन त्यात चुकला.

खायचं नेताना: दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, आंबा बर्फी नाही. गोडा मसाला, मेतकूट, पोहे न्या. मी शाकाहारी, ते आधीच कळवलेलं, तरी थंडीतली ग्रुनकोलची (केल नावाच्या पाल्याची) भाजी खायच्या आधी विचारा, ती बहुतेक मांसाबरोबरच शिजवतात.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि तेव्हा गावात फ्रायमार्क्ट चालू, १०३५ पासूनची जत्रा, पाळणे, भाजलेल्या बदामांचा वास, चौकातल्या रोलांडच्या पुतळ्यालाही सजवलेलं. इतक्या गर्दीत मला घरचीच आठवण येत होती. परत आले तर काकूंनी माझ्या खोलीच्या खिडकीत मेणाचे छोटे दिवे लावून ठेवलेले, मी सकाळी सहज बोलले होते तेवढ्यावरून. मी तेलातला चिवडा केला, सगळ्यांना वाढला आणि आजींना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह केला. त्यांनी खाल्ला, मग हळूच लेकीला विचारलं की नाही म्हटलं तर हिला वाईट वाटेल का.

फिरायला डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल ट्रेन-बसचं महिन्याचं तिकीट घ्या, मी असताना महिना ५८ युरो होतं, २०२६ पासून ६३ झालंय. ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं, बंद करायचं तर दहा तारखेच्या आत. सायकल चालवता येत असेल तर अजूनच छान, सायकलसाठी वेगळी वाट असते, पायी जाताना तिच्यावर चालू नका. व्हिसाचं म्हणाल तर ९० दिवसांच्या आत शेंगेन, म्हणजे युरोपचा कमी मुदतीचा व्हिसा चालतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

निघताना बेडशीट काढून, खोली झाडून द्या. डिसेंबरातली सकाळ, आठ वाजले तरी अंधार, काकू ट्रेनसाठी ब्रेड बांधत होत्या. एक पुरे म्हटलं मी. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि दहा आठवड्यांत पहिल्यांदाच परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, नाही, दोन द्या. हॅनोवर यायच्या आत दोन्ही संपले.